काकांनी फोन जमा केला

काकांना दहा दिवस गप्प बसायचं होतं. त्यांची इच्छा एवढीच होती. मोठं घर नको होतं, नवी गाडी नको होती. टेक्सासात, डॅलसजवळच्या अर्विंगमधल्या आमच्या ऑफिसपासून तासाभराच्या ड्राइव्हवर एक विपश्यना केंद्र आहे. तिथे पहिल्या संध्याकाळी फोन जमा करायचा, आणि मग दहा दिवस बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुणाला खुणासुद्धा करायच्या नाहीत. काकांनी दोनदा नाव नोंदवून कॅन्सल केलं होतं. तिसऱ्यांदा ते खरोखर गेले. टेबलापाशी उभं राहून त्यांनी फोन पाकिटात घातला, पाकिटावर नाव लिहायला घेतलं, आणि पाकीट थरथरायला लागलं. ऑफिसचा फोन होता. काकांनी पाकीट फाडलं आणि काकूंनी रात्रीची ताटं मांडायच्या आत ते फ्रिस्कोच्या घरी परत.

काका आमच्या ऑफिसचे डेटाबेस सांभाळणारे. मूळचे पुण्याचे, वय पंचावन्नच्या आसपास. ऑफिसातली आम्ही सगळी मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणायचो. फोन वाजला की त्यांचे खांदे कानांपर्यंत वर जात. डॉक्टरांनी ब्लड प्रेशरची गोळी दुप्पट केली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "ह्यांना कशाला देताय? फोनला द्या."

आमची कंपनी शाळेच्या बसचं वेळापत्रक सांभाळते. कुठल्या मुलाने कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता उभं राहायचं, हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. दर रविवारी सकाळी त्याची साफसफाई होते: प्रत काढून ठेवायची, जुन्या प्रती काढून टाकायच्या, पुण्याच्या टीमने पाठवलेली नवी यादी भरायची, भरलेलं मोजून बघायचं. ड्रायव्हरांचे टॅब्लेट दुपारी बारापासून ही यादी उतरवून घेतात. रविवारी घोळ झाला, तर सोमवारी पोरं दप्तरं घेऊन रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी राहणार.

हे सगळं काकांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट्स करायच्या. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरसाठी लिहिलेली कामाची चिठ्ठी: आधी हे कर, मग ते कर, अडलं तर सांग. काकांच्या चिठ्ठ्यांमध्ये शेवटचा भाग नव्हता. अडलं तर काय, हे फक्त काकांच्या डोक्यात होतं. म्हणून फोन.

मी तिथे लागले तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त काकांच्या स्क्रिप्ट्सचं फोल्डर दाखवण्यात आलं आणि माझं डोकं तापलं.

माझं डोकं तापण्याचं एक घरगुती कारण आहे. मी पत्रकांच्या घरात वाढले. नागपुरात आमच्या वस्तीत पाणी आलं नाही, शाळेत शिष्यवृत्तीचे फॉर्म लपवून ठेवले, दवाखान्याची वेळ न सांगता बदलली, की बाबा पत्रक लिहायचे, आई त्यातले जास्तीचे शब्द कापायची, आणि मी पिवळ्या पातळ कागदाचे गठ्ठे करून खळीची बादली धरायची. आमच्याकडे पत्रकाचे नियम होते. पहिल्या ओळीत कळलं पाहिजे, कुणाला काय हवंय. एका पत्रकात एकच मागणी. खाली प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव आणि तारीख. नवं पत्रक लावायचं तर जुनं आधी खरवडून काढायचं, नाहीतर लोक जुन्या तारखेला मोर्चाला येतात. असं एकदा झालंही होतं. बारा माणसं भर उन्हात जिल्हा कार्यालयासमोर आमची वाट बघत बसली होती आणि मोर्चा होऊन तीन दिवस झाले होते. आणि सगळ्यात मोठा नियम: छापायच्या आधी पत्रक अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं, ज्याला त्या विषयातलं काही माहीत नाही. आमच्याकडे त्या कामाला समोरच्या मावशी होत्या. मावशींच्या कपाळाला आठी पडली की बाबा ती ओळ खोडायचे. वाद घालायचे नाहीत.

आणि एक गोष्ट नियम म्हणून कुणी सांगितली नव्हती, पण भिंतीत मुरलेली होती: एकाच्या डोक्यात कोंडलेली विद्या ही चोरीची विद्या. आमच्या आज्यापणज्यांपासून काय काय कोंडून ठेवलं गेलं, हे मला बाराखडीच्या आधी माहीत होतं. माहिती असेल तर ती चौकात चिकटली पाहिजे.

आता काकांच्या फोल्डरात काय होतं ते ऐका. 'क्लीनअप'. 'क्लीनअप_न्यू'. 'क्लीनअप_न्यू_फायनल'. 'क्लीनअप_न्यू_फायनल_हेच'. हा 'हेच' रोमन लिपीत होता, आणि गंमत म्हणजे दर रविवारी चालायची ती स्क्रिप्ट 'हेच' नव्हतीच, नुसती 'न्यू' होती. आत शिरावं तर प्रत्येक चार ओळींनंतर पाटी: विचारल्याशिवाय बदलू नये. या ओळीला हात लावू नये. याचं कारण विचारू नये. पुणं सोडून माणूस टेक्सासला आला तरी पाटी लावायचा हात सुटत नाही.

मी तिसऱ्याच दिवशी काकांच्या डेस्कपाशी जाऊन भाषण दिलं. खरंच भाषण होतं. मी उभी होते आणि ते बसलेले होते. ज्ञानाची मक्तेदारी, कामगाराने कामगारापासून लपवाछपवी, सगळं आलं त्यात. काकांनी चष्मा काढून पुसला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"तूर्तास."

"अगं, ही मक्तेदारी तू घेतेस का? मी पाया पडून देतो. बॉक्स हवा असेल तर बॉक्समध्ये घालून देतो."

आणि मग त्यांनी मला पाकिटात थरथरणाऱ्या फोनची गोष्ट सांगितली. मी कोंडून ठेवणाऱ्याशी लढायला गेले होते. समोर बसलेला माणूस स्वतःच आत कोंडलेला होता आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरला होता. माझं उरलेलं भाषण मी गिळलं. चांगलं भाषण होतं.

आम्ही दोघं मॅनेजर बाईंकडे गेलो. बाई इथल्याच, टेक्सासच्या, सरळ बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, मार्चमधले दहा दिवस घ्या. पण त्याआधी एका रविवारी सगळं काम हिने एकटीने करून दाखवायचं. तुम्हाला एकही फोन न करता. फोन केला, तर रजा रद्द. आणि केंद्राचा आपत्कालीन नंबर माझ्याकडे देऊन जायचं.

त्यानंतरचे सहा आठवडे मी जमिनीपासून चार बोटं वर होते. असं सुख मला मास्टर्सच्या दोन वर्षांत मिळालं नाही. दिवसभर ऑफिस आणि शनिवारी सकाळी फ्रिस्कोला काकांच्या घरी, डायनिंग टेबलवर लॅपटॉप. काका ओळ न ओळ समजावून सांगायचे आणि मी ती नव्याने लिहायची. एका स्क्रिप्टमध्ये एकच काम. प्रती काढणारी फक्त प्रती काढेल. पुसणारी फक्त पुसेल. पहिल्या ओळीत साध्या वाक्यात, ही काय करते आणि कधी चालवायची. नावावरूनच काम कळलं पाहिजे. दोनदा चुकून चालवली तरी नुकसान होता कामा नये. सगळे आकडे आणि पत्ते, जे काकांनी पोटात जागोजागी पेरले होते, ते उचलून एका फाइलमध्ये वर, डोळ्यांसमोर. जुन्या आवृत्त्या फोल्डरातून साफ; कुणी काय कधी बदललं याची नोंद वेगळी राहील, पण भिंतीवर एकच पत्रक. 'हेच' पुसताना काकांनी क्षणभर माझा हात धरला.

"राहू दे ना, एक आठवण म्हणून."

"बारा माणसं उन्हात बसली होती, काका."

"कुठली बारा माणसं?"

मी पुसून टाकलं आणि मग सांगितलं.

वाचून दाखवायला काकू होत्या. काकूंनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, डेटाबेस या प्रकाराबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं की तो आपल्या नवऱ्याला जेवू देत नाही. त्या भाजी निवडायच्या आणि मी स्क्रिप्ट मराठीत सांगत जायची.

"जागा कमी असेल, तर सगळ्यात जुनी प्रत काढून टाक," मी वाचलं.

"आणि एकच प्रत असेल तर?" काकूंनी मेथीची काडी तोडत विचारलं.

काकांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. अठरा वर्षं ती स्क्रिप्ट चालत होती. एकच प्रत उरली असती, तर तिने ती इमानदारीने पुसली असती.

"एवढं काय बघताय? फ्रिजमध्ये एकच लिंबू असलं तर मी टाकते का?"

मी तिथेच अट लिहिली: किमान तीन प्रती शिल्लक असल्याशिवाय काहीही पुसायचं नाही, नसतील तर थांबायचं, आणि का थांबलो ते पूर्ण वाक्यात सांगायचं. मावशींनंतर इतका चांगला संपादक मला मिळालेला नाही.

मला सगळ्यात अभिमान होता तो तालमीच्या सोयीचा. माझी प्रत्येक स्क्रिप्ट आधी नुसतं बोलून दाखवायची: अमुक फाइल पुसणार आहे, तमुक यादी भरणार आहे. प्रत्यक्षात काही करायची नाही. माणसाने वाचावं, पटलं तर शेवटी एक शब्द जोडून खरं काम करायला सांगावं. विनाविचार काही घडूच नये, हे तत्त्व. मी त्यावर काकांना पुन्हा एक छोटं भाषण दिलं. त्यांनी बसून ऐकलं.

फेब्रुवारीतल्या परीक्षेच्या रविवारी काकूंनी काकांचा फोन काढून घेतला आणि पोळ्यांच्या डब्यात ठेवला, वर पोळ्या. काकांना मागच्या अंगणात घालवलं. ते कुंपणाच्या कडेने इकडून तिकडे चालत होते. खिडकीतून फक्त त्यांची टोपी जाताना दिसे. आठ वाजता मी सुरू केलं. एकापाठोपाठ एक स्क्रिप्ट, कुठेही अडथळा नाही. वीस मिनिटांत सगळं खलास. काकांना ह्याच कामाला तीन तास लागायचे. मी खुर्चीतून उठून जेवणाच्या टेबलाभोवती एक फेरी नाचले, आणि मग काकूंना नोंदी मोठ्याने वाचून दाखवल्या, विजयाच्या सुरात.

"प्रत काढणार आहे. जुन्या दोन प्रती पुसणार आहे. यादी भरणार आहे."

काकू पोळी लाटत होत्या. "छान. आणि हा 'केलं' कधी म्हणणार?"

मी नोंदींकडे बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं 'आहे', 'आहे', 'आहे'. मी वीस मिनिटं नुसती तालीम केली होती. डेटाबेस आपल्या जागी होता, धूळसुद्धा हलली नव्हती. शेवटचा शब्द जोडायला मीच विसरले होते.

"राजकारण्यांसारखं झालं की गं हे," काकू म्हणाल्या. पीठ लागलेल्या मनगटाने त्या डोळे पुसत होत्या, इतक्या हसत होत्या. मी पण जमिनीवर बसून हसले. मग उठून शब्द जोडला आणि सगळं पुन्हा, खरं खरं चालवलं. आणि त्याच दिवशी एक सुधारणा: तालीम असेल तर सुरुवातीला आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'ही तालीम होती, काहीही बदललेलं नाही.'

काकांना फोन केला नव्हता. मॅनेजर बाईंनी रजा मंजूर केली.

मार्चमध्ये काकांना सोडायला काकू गेल्या. परत येऊन त्यांनी मला मेसेज केला: जमा केला, थरथरला नाही. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होते. तिथे गाडीतून उतरणाऱ्या एका अनोळखी माणसाला मी टाळी दिली. त्यानेही घेतली.

मग आला पहिला रविवार.

मी अर्विंगच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये, कॉफी, लॅपटॉप, बरोबर आठ. आधी तालीम, मग खरं. प्रत काढली. जुन्या प्रती पुसल्या. आणि यादी भरणारी स्क्रिप्ट थांबली. तिने माझ्याच शब्दांत मला सांगितलं: पुण्याहून आलेली यादी एक तासापेक्षा जुनी आहे. शिळी यादी भरत नाही. थांबले.

पुण्याची टीम आमच्या आठ वाजण्याच्या पंधरा मिनिटं आधी यादी पाठवते. फाइलच्या नावातच पुण्याची वेळ असते. मी पुण्याला विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, आत्ताच पाठवलीय, गरम आहे. मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. शिळी. थांबले.

साडेआठला मॅनेजर बाईंचा कॉल आला. त्यांच्या स्क्रीनवर लाल दिवा दिसत होता.

"तुझी स्क्रिप्ट बिघडली."

"बिघडली नाही, थांबलीय. काहीतरी जुळत नाही म्हणून थांबलीय."

"एक तासाची मर्यादा दोन तास कर आणि पुढे जा."

ते एका आकड्याचं काम होतं. एकाच्या जागी दोन, आणि मी पुन्हा कॉफीकडे. मी बोटं कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवली.

"नाही करणार," मी म्हणाले. "आज सुटेल. पण उद्या खरोखर शिळी यादी आली, तर तीही सुटेल, आणि कुणाला कळणारही नाही. ही अट पोरांसाठी आहे, आपल्या सोयीसाठी नाही."

बाईंना भाषणांची सवय नव्हती.

"अकरापर्यंत," त्या म्हणाल्या. "मग मी केंद्रावर फोन करून त्यांना बाहेर बोलावणार."

माझ्या डोळ्यांसमोर काका आले, डोळे मिटून, ताठ बसलेले, आणि कुणीतरी येऊन त्यांच्या खांद्याला हात लावतंय. आणि तो खांदा कानापर्यंत वर जातोय.

मी स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचली. सगळं स्वच्छ होतं, सगळ्यांना नावं होती. स्क्रिप्ट इथली वेळ घेते, तिच्यात पुण्याचा फरक मिळवते, आणि फाइलवरच्या वेळेशी ताडून बघते. तिच्या हिशोबाने आमच्या आठ वाजता पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले होते, फाइल सव्वासहाची. सव्वा तास जुनी. शिळीच. पण पुण्यातली ती मुलगी म्हणत होती गरम आहे, आणि तिला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. फेब्रुवारीत चाललं ते मार्चमध्ये का चालू नये? मी खिडकीपाशी गेले, परत आले. साडेनऊ झाले. लॅपटॉपवर साडेनऊ. स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर साडेआठ.

आदल्या रात्री अमेरिकेने घड्याळं, दर मार्चमध्ये करते तशी, एक तास पुढे केली होती. फोन आणि लॅपटॉप आपलं आपण करतात, ओव्हन करत नाही, म्हणून मला ते ओव्हनकडे बघेपर्यंत कळलंच नव्हतं. पण ह्याचा स्क्रिप्टशी काय संबंध, हे डोक्यात जुळेना. मी काकूंना फोन लावला.

"काकू, घड्याळं बदलतात त्या रविवारी काका काय करतात?"

"काय करणार? मायक्रोवेव्ह, ओव्हन, गाडी. सगळी घड्याळं त्यांनाच लावायची असतात, मला हात लावू देत नाहीत."

"आणि मग?"

"मग लॅपटॉप उघडतात. आणि म्हणतात, साडेअकराचे साडेदहा. दिवाळीच्या सुमारास परत, साडेदहाचे साडेअकरा. मी म्हणते, एवढं मोठ्याने कशाला? तर म्हणे सवय आहे. का गं?"

मी फोन कानाला लावूनच आकड्यांची फाइल उघडली. ती होती तिथेच, वरून तिसऱ्या ओळीत, मी स्वतः उचलून डोळ्यांसमोर ठेवलेली: पुण्याचा फरक, साडेअकरा तास. आणि शेजारी माझ्याच हाताने उतरवलेली काकांची पाटी: या आकड्याला हात लावू नये.

सगळ्या पाट्या मी काढल्या होत्या. प्रत्येकीवर काकांना छळलं होतं. ही एक ठेवली होती, कारण काका म्हणाले होते, "तो आकडा बरोबर आहे," आणि तो खरंच बरोबर होता. हिवाळ्यात. उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे गेली की डॅलस आणि पुण्यात साडेदहाच तास उरतात; आमच्या त्या आठ वाजता पुण्यात खरे साडेसहाच वाजले होते. काका वर्षातून दोनदा, मायक्रोवेव्हनंतर, तो आकडा हाताने बदलत. त्यांच्या दृष्टीने ते डेटाबेसचं काम नव्हतंच, घरातलं घड्याळ लावण्याचं होतं. म्हणून सांगायचं राहिलं. आणि मी, दर ओळीला जाब विचारणारी, एकच ओळ न विचारता सोडली होती. साडेअकराच का, एवढे दोन शब्द विचारले असते तर पुरलं असतं.

"काकू, तुम्ही डेटाबेस वाचवलात," मी म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या. "मी मायक्रोवेव्ह लावून येते मग. हे नाहीत तर कुणीच लावलं नाही."

साडेअकराचे साडेदहा केले असते तर दोन सेकंदांत सुटले असते. पण मग नोव्हेंबरात पुन्हा कुणीतरी ओव्हनकडे बघत बसलं असतं. मी तो आकडाच काढला. कॉम्प्युटरला दोन्ही शहरांच्या वेळा आधीपासून ठाऊक असतात. त्यालाच विचारायचं, की बाबा रे, पुण्यात आत्ता किती वाजलेत. आकड्याच्या जागी मी चार ओळी लिहिल्या: इथे पूर्वी साडेअकरा हा आकडा होता, तो का होता, कधी चुकायचा, कोण हाताने बदलायचं, आणि आता का नाही. खाली माझं नाव आणि तारीख. पुण्याच्या मुलीकडून यादी पुन्हा ताजी मागवली. मग तालीम. मग वरचे शब्द नीट वाचले, शेवटचा शब्द जोडला, आणि खरं.

यादी भरली. मोजणी जुळली. दहा वाजून चाळीस मिनिटं.

मॅनेजर बाईंना कळवलं. त्यांनी उलट लिहिलं: आता नंबर फाडून टाकू? मी लिहिलं: ठेवा, पण लांब ठेवा. मग मी अपार्टमेंटच्या जिन्यावरून दोनदा खालीवर धावले. शेजारच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, आग लागलीय का? मी नाही म्हणाले, पुण्यात साडेसात वाजले नव्हते. ते समजुतीने दार लावून आत गेले.

त्या दिवशी नागपूरला आईला सगळं सांगितलं. तिने नेहमीसारखा जय भीम म्हणून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत मधे बोलली नाही. मग म्हणाली, "तुझं लहानपणापासून हेच आहे. मागणी मोठ्या अक्षरात लिहितेस, अन् कारण राहूनच जाते. काऊन पाहिजे, हे कोण लिहीन? मी किती पत्रकांत घातलं ते नंतर." तिने खरंच घातलं होतं, माझ्या शाळेच्या भाषणांतसुद्धा.

अकराव्या दिवशी सकाळी काकू आणि मी काकांना आणायला गेलो. ते फाटकाबाहेर बॅग धरून उभे होते, दाढी वाढलेली, आणि खांदे खांद्यांच्या जागी. मला त्यांना ओळखायला एक क्षण लागला. गाडीत बसल्यावर त्यांनी फोन सुरू केला. तो बराच वेळ वाजत राहिला: नातेवाइकांचे ग्रुप, सुप्रभात, फुलं, कुणाच्या तरी नातवाचं बारसं. ऑफिसचं काहीही नव्हतं. त्यांनी खाली वर करून दोनदा बघितलं.

"रविवारी?" त्यांनी हळूच विचारलं. दहा दिवसांनी बोलत होते, आवाज खरखरत होता.

"साडेअकरा," मी म्हणाले.

काकांनी डोळे मिटले. "मला आठवलं होतं. त्याच सकाळी. ध्यानाच्या हॉलबाहेर एक मुलगा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे करत होता. मी बघितलं. व्यवस्थापकांच्या दारापर्यंत गेलो. हात वर केला टकटक करायला."

"मग?"

"मग तसाच परत येऊन बसलो. तासभर बसलो. घामाने सदरा भिजला." ते खिडकीबाहेर बघत होते. "आणि खरं सांगू का? मला वाटत होतं, अडू दे पोरीचं. थोडंसं अडू दे. मला बोलवायला येऊ देत."

काकू गाडी चालवत होत्या. "दहा दिवस बसून आतून एवढंच निघालं?"

"एवढंच होतं गं आत," काका म्हणाले, आणि हसायला लागले, आधी आवाज न करता आणि मग इतक्या जोरात, की काकूंनी आरसा नीट करून मागे बघितलं. मीही हसत होते. मला त्यांचा राग आला नाही. मीही त्या सकाळी तासभर त्यांना हाक न मारता अडून बसले होते, फक्त माझ्याकडे कॉफी होती.

"आता माझी पाळी," काकू म्हणाल्या.

"तू बसणार? दहा दिवस? न बोलता?"

"न बोलता कशाला? मी बोलायला जाणार. पिस्कॅटवेला बहिणीकडे, दहा दिवस. घर कसं चालतं ते मी हिला सांगते, ही लिहून काढेल. तुम्ही वाचायचं आणि करायचं. मला फोन करायचा नाही."

"अगं पण मला कुकर..."

"लिहिलेलं असेल."

मी बॅगेतून लॅपटॉप काढून मांडीवर उघडला. काकू रस्त्यावर नजर ठेवून सांगायला लागल्या, सवयीच्या सुरात, एकामागून एक. कचऱ्याचा डबा मंगळवारी बाहेर. गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही, कारण रिकाम्या पोटी ह्यांना मळमळतं. कढीपत्त्याच्या कुंडीला एक दिवसाआड पाणी, रोज घातलं तर मुळं कुजतात. मी लिहीत होते. काका मागून म्हणाले, "हळू सांग, तिला लिहू दे."

"वरणाला कुकरच्या चार शिट्ट्या."

"चार का?" मी विचारलं.

सिग्नल लाल झाला. काकूंनी गाडी थांबवली आणि तोंड उघडलं, आणि मिटलं. सिग्नल हिरवा झाला तरी काकू विचारच करत होत्या, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला.